ताईचा अभ्यास आणि माझी आई

बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या कॉलनीतल्या बायका आपापल्या पोरांना घेऊन आमच्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "अभ्यास कसा केला ते जरा सांगा ना." प्रश्न ताईला असायचा. चहा मी करायचे.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, आईच्या थोरल्या बहिणीची मुलगी. माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी, पण आमच्याकडे नात्याचा मान काटेकोर, त्यामुळे तिला ताई म्हणणं भाग होतं. दहावी कळवणच्या मराठी शाळेत करून ती अकरावी सायन्सला नाशिकला आली, ती थेट आमच्या घरी राहायला. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. सिडकोतलं आमचं घर म्हणजे एक बाहेरची खोली, एक स्वयंपाकघर आणि मधे दार नसलेली चौकट. त्यात आई, वडील, मी आणि आता ताई. येताना तिनं बाजरीचं पीठ, शेंगदाणे आणि आईच्या माहेरच्या साऱ्या बातम्या आणल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी आईच्या शेजारी अशी काही बसली की जणू मीच पाहुणी.

आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळायचे. अजूनही जळते. चांगलं वागून, प्रार्थना करून, वय वाढवून, सगळं करून पाहिलं. ते काही जात नाही. आता त्याची सवय झाली आहे.

दोघींनाही मेडिकलला जायचं होतं. तेव्हा वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीत जे मार्क पडतील त्यावरच सगळं. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे मला वाटायचं की हिला पुस्तकातलं एक पान कळायला दिवस जाईल आणि मी पुढे निघून जाईन. घडलं भलतंच. पुस्तक मला कळायचं सगळं, राहायचं मात्र काहीच नाही. रात्री पाठ केलेलं सकाळी कोरं. मग मी उपाय सुरू केले. पहाटे उठून वाचा म्हणून कुणी सांगितलं, मी उठले आणि पुस्तकावरच झोपले. वर्गातल्या एका मुलीनं गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करायला सांगितलं. तेही केलं, तर समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकूंना किती पापड झाले ते माझ्या लक्षात राहिलं आणि नायट्रोजन चक्र उडून गेलं. भिजवलेले बदाम खाल्ले. भिंतीवर तक्ते लावले. आद्याक्षरं जुळवून वाक्यं केली, मग वाक्यं आठवायची, पण कुठलं अक्षर कशाचं ते नाही. वेळापत्रकं तर इतकी सुंदर केली, चार रंगांच्या पेनांनी, की ती करण्यातच रविवार संपायचा. वडील म्हणायचे, "वेळापत्रकाला मार्क असते तर तू बोर्डात आली असतीस."

ताई ह्यातलं काहीही करायची नाही. ती धडा एकदा वाचायची, डिक्शनरीत शब्द बघायची, कपाळाला आठ्या घालायची आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात आईकडे जायची. आई चपात्या लाटत असायची. ताई खाली पाटावर बसून तिला धडा सांगायची. इंग्रजीत नाही. कळवणच्या बोलीत.

"मावशी, आपल्या किडनीत कसं हे माहितीये? आपण कांद्याला पाणी भरतो ना, तसंच. पाटाचं पाणी येतं, दारं मोडलं की वाफ्यात शिरतं. रक्त म्हणजे पाट."

"आणि वाफा कोण?" आई लाटणं थांबवून विचारायची.

"वाफे म्हणजे त्या बारीक बारीक नळ्या. लय हेत, लाखांनी."

आई आठवीपर्यंत शिकलेली. नववीत असताना लग्न ठरलं आणि शाळा सुटली, एवढंच ती त्याबद्दल बोलायची. पण दारं मोडून, म्हणजे मातीचा बांध फोडून, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात कसं घ्यायचं, हे ती माहेरी हातात फावडं घेऊन शिकलेली. मी आयुष्यात कधी दारं धरलं नव्हतं. मला वाफा म्हटलं की कॉलनीच्या बागेतला गुलाबाचा वाफा आठवायचा. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच अभ्यासक्रमातला धडा माझ्या मावसबहिणीनं माझ्याच आईला सांगावा आणि त्यातलं अर्धं मला कळू नये. अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याहून वाईट म्हणजे आईची भाषा. माझ्याशी आई शहरातलं बोलायची, नीटनेटकं, शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल असं. ताई समोर बसली की हळूहळू तिच्या बोलण्यात 'लय' यायला लागायचं, 'नाय' यायला लागायचं, आणि ती हसायची तेही वेगळं हसायची, तोंडावर पदर न घेता. ती आई मी कधी पाहिली नव्हती. कुणाच्या तरी मागणीवरून ती इतकी वर्षं कुठेतरी ठेवून दिली होती, आणि ताईनं येऊन सहज बाहेर काढली होती.

मग मी ठरवलं की आपणही आईलाच सांगायचं. आई माझी होती. एका संध्याकाळी ताई कॉलेजातून यायच्या आत मी पाटावर जाऊन बसले आणि हृदय सुरू केलं. पाठ केलेलं, एक वाक्य इंग्रजीत, लगेच त्याचं मराठी, घडाघडा. आई भाजी निवडत ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "ती झडप उघडते कशानं गं?"

झालं. माझी गाडी रुळावरून घसरली. पाठ केलेल्या माणसाला मधे थांबवलं की त्याला पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं. मी पुन्हा सुरू केलं. आईनं पुन्हा त्याच जागी विचारलं, कारण तिला ते खरंच हवं होतं. मी वैतागून म्हटलं, "आई, तू फक्त ऐक ना." त्यानंतर ती फक्त ऐकत राहिली. "हं," म्हणाली. "हं, हं." मेथीच्या काड्या बाजूला काढत, अगदी मन लावून. मी शेवटपर्यंत म्हणून दाखवलं आणि उठले, आणि ताईच्या वेळी ती हातातलं लाटणं थांबवते, माझ्या वेळी तिनं एक काडीसुद्धा निवडायची सोडली नाही, हे मनात धरून बसले.

आईची त्यात काय चूक, हे मला तेव्हाही कळत होतं. कळण्याचा आणि जळण्याचा काही संबंध नसतो.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे, पुस्तक उघडून, आणि आतून ताईचा आवाज यायला लागला की बोटानं एकेक ओळ धरायचे. हेतू एकच, ती कुठे चुकते ते पकडायचं. आणि ती चुकायची. का नाही चुकणार? एकदाच वाचून, परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणून, वर त्याचे कांदे करून सांगत होती. चूक सापडली की मी बाहेरून ओरडायचे, "चूक!"

पहिल्यांदा ओरडले तेव्हा ताई सांगत होती की वाफ्यातलं सगळं पाणी शेवटी चरातून, म्हणजे लघवीवाटे, बाहेर जातं. मग ताई म्हणाली, "काय चुकलं?"

"सगळं पाणी चरातून बाहेर नाही जात. बहुतेक पाणी रक्तात परत शोषलं जातं. पान उघडून बघ."

"हां, खरंच की," ताई म्हणाली. जराही न चिडता. तिनं चिडावं, रडावं, निदान आईला सांगावं की ही मला त्रास देते, ह्यासाठी तर मी ओरडले होते. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि पुढे गेली. असल्या माणसाशी भांडता येत नाही. मला भांडता येत नाही अशा माणसांचा फार राग येतो.

पण गंमत अशी झाली की मी सांगितलेली चूक ताई आठवड्याभरात पुन्हा करायची. आई मात्र तिला कधी चूक म्हणायची नाही, म्हणणार कशी, तिला ठाऊकच नसायचं. आई नुसतं विचारायची. "अगं पण रक्तातलं असं पाणी वाहून गेलं तर माणूस वाळून नाय जायचा?" ताई पाटावर बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत विचार करायची. आई तव्यावरची चपाती उलटायची, शेगडीवरून दुसरी काढायची, घाई नाही. मग ताई म्हणायची, "थांब मावशी, म्हणजे ते मधे कुठंतरी परत यायला पायजे!" आणि पळत बाहेर येऊन माझ्या मांडीवरचं पुस्तक उलटं करून बघायची. असं तिचं तिला सापडलेलं ती कधीच विसरली नाही. आणि मी? मी तिची जी जी चूक पकडली ती माझ्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. चाळीस वेळा घोकून जे राहिलं नव्हतं ते तिच्या एका चुकीनं राहिलं. म्हणजे मलाही अभ्यासाची पद्धत सापडली होती. दुसऱ्यानं चुकावं आणि मी टपून बसावं. कुणाला सांगावी अशी ही पद्धत नव्हे, पण आजवर मला लागू पडलेली ती एकच.

मार्चमध्ये पेपर झाले. बायॉलॉजीच्या पेपरात किडनीवरचा मोठा प्रश्न आला आणि मी पेन उचललं तर कानात ताईचा आवाज. पाट, दारं, वाफे, चर, आणि चराच्या अलीकडे माझीच "चूक!" अशी आरोळी. मी ते सगळं इंग्रजीत उतरवत गेले, न थांबता. आकृतीसुद्धा काढली. मधे वाटलं, ही शेजारच्या वर्गात बसून हेच लिहीत असेल, आणि तिच्या कानात आई असेल. हे मनात आल्यावर मी इतक्या जोरात लिहायला लागले की पुरवणी फाटली.

निकाल लागला. बायॉलॉजीत मी ताईच्या पुढे होते. थोडीच, पण पुढे. केमिस्ट्रीत बरोबरीनं. फिजिक्समध्ये मी आपटले, कारण गणितं ताई आईला सांगायची नाही, ती कोपऱ्यात बसून मुकाट्यानं सोडवायची, आणि जी चूक ऐकू येत नाही ती मी पकडणार कशी? ताईला मेडिकलला जागा मिळाली. मी बी.एस्सी.ला गेले. बायॉलॉजीत पुढे असल्याचं मी घरात दोन-तीनदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, "ताईच्या तोंडून रोज ऐकलंस ना, म्हणून." बोलली ते खरंच होतं. खरं असल्यामुळेच मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढची वर्षं पटकन सांगते, कारण ती तशीच गेली. ताई डॉक्टर झाली, कळवणला परत गेली आणि तिथे दवाखाना टाकला. मी बी.एड. करून नाशिकमध्येच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझं लग्न झालं, सासर जवळच, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, त्यामुळे रविवारी दुपारी माहेरी येणं व्हायचं. पेपर तपासण्यात माझा हात कुणी धरत नाही. गठ्ठाच्या गठ्ठा मी बसल्या बैठकीत संपवते, आणि एक चूक सुटत नाही. शाळेत त्याचं कौतुक आहे.

मग वडील रिटायर झाले आणि आईनं एक दिवस कुणाला न विचारता दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून परीक्षा द्यायची. मला केवढा आनंद झाला! आता ही पाटावर बसणार आणि मी ऐकणार, असं मी मनात धरून चालले. विज्ञान तर माझा विषय. मी नवी कोरी पुस्तकं आणली, कव्हरं घातली, आणि रविवारी हजर झाले.

आईनं पहिला धडा मला सांगितला. मी ऐकला. दुसरा सांगितला. तिसऱ्या रविवारी मी गेले तर ती आत, टीव्हीजवळचा फोन लांब वायर ओढत स्वयंपाकघरात नेऊन, खांद्याला धरून बोलत होती. एका हातानं कणीक मळत होती आणि कळवणला ताईला धडा सांगत होती. बोली तीच, हसणं तेच. ताईच्या दवाखान्यात दुपारी पेशंट नसायचे म्हणे.

वडिलांनी आजचा पेपर माझ्यापुढे केला. मी तो वाचलाच नाही. फोन ठेवल्यावर मी आईला सरळ विचारलं, "मी इथे असताना कळवणला कशाला फोन? मी शिकवते ना हे. माझ्याजवळ सांग की."

आई हात धूत होती. तिनं मान वळवली नाही की आवाज चढवला नाही. "तुला सांगायला बसले की माझ्या छातीत धडधडतं," ती म्हणाली. "तू ऐकत नाहीस गं. तू तपासतेस."

मी घरी गेले आणि त्या आठवड्यात शाळेतल्या पोरांचे मार्क विनाकारण कापले. तपासते म्हणजे काय? चूक दिसली तर सांगू नको? मी डोळे मिटून घेऊ? असं नवऱ्याला विचारून विचारून मी त्याचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, "जाऊन गप्प बसून बघ एकदा." त्याचाही राग आला. पण पुढच्या रविवारी मी गेले, हातात पुस्तक घेतलं नाही, आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसले.

"सांग," मी म्हटलं. "मी मधे बोलणार नाही."

आईनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, पण ती बसली. त्या दिवशी भिंगांचा धडा होता. अंतर्गोल, बहिर्गोल, डोळ्यांचे दोष. सुरुवात नीट केली. मग म्हणाली, "ज्याला जवळचं दिसत नाही, त्याला अंतर्गोल भिंग. मधे बारीक असतं ते."

उलटं. साफ उलटं. मी स्टुलाची कड घट्ट धरली. आईला चाळिशी लागून कितीतरी वर्षं झाली होती, जवळचं दिसत नव्हतं म्हणूनच तर तिला चष्मा होता, आणि तो आत्ताही तिच्या नाकावर होता. मी चष्म्याकडे बघितलं, मग पटकन खिडकीकडे बघितलं. ओठ आवळून धरले. आई पुढे गेली, लांबच्या दिसण्यावर आली, आणि तिथे तिची गाडी अडली, कारण तिथेही अंतर्गोलच यायला लागलं. दोन्हींना एकच कसं? ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

"सांगू नकोस," ती म्हणाली.

"नाही सांगत."

आम्ही बसलो. खरंच बसलो. मी एक अक्षर बोलले नाही. पण मला विचारता काही येईना. ताईसाठी ती जसं विचारायची, तसं काहीतरी आपणही विचारावं, हे मला कळत होतं, पण माझ्या तोंडाशी येत होतं ते फक्त उत्तर. आई पुन्हा म्हणाली, "जवळचं दिसत नाही, त्याला..." आणि पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून अडली. तिच्या कपाळावर घाम आला. मला शाळेत फळ्यापुढे उभी केलेली मुलं आठवली आणि मी मान खाली घातली.

शेवटी ती उठली. बाहेर जाऊन फोन घेऊन आली, वायर सोडवत सोडवत, आणि कळवणचा नंबर फिरवला. मला वाटलं, विचारणार आता. पण तिनं काही विचारलंच नाही. "हां बाळा, मोकळी हेस का? ऐक," म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. भिंग म्हणजे काय, कुठलं कसं, त्याच क्रमानं. पलीकडे ताई काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं, बहुतेक काहीच म्हणत नसावी. आई त्याच जागी आली, तेच चुकीचं वाक्य बोलली, आणि बोलता बोलता तिचा हात चष्म्याकडे गेला. तिनं तो काढला. काच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून कडेपासून मधोमध चाचपली.

"थांब गं, थांब," ती फोनवर म्हणाली, आणि हसायला लागली, ते तसलं, पदर न घेता. "माझी तर मधे जाड हे! लय जाड हे!"

पलीकडून ताई हसल्याचं मला इथपर्यंत ऐकू आलं. आई चष्मा हातात धरून, बिनचष्म्यानं माझ्याच दिशेनं बघत हसत होती, आणि तिला जवळचं दिसत नव्हतं. मी समोर बसले होते, आणि उत्तर मला पहिल्यापासून येत होतं.